उस्तादांची फुंकर

उस्ताद तारकर चहाच्या कपाला कधी एकदम हात लावत नसत. आधी उजव्या हाताची मागची बाजू कपापासून दोन बोटांवर धरायची, क्षणभर थांबायचं, मान हलवायची आणि मगच कप उचलायचा. कपच काय, उन्हात उभ्या मोटारीचं बॉनेट, दुकानातली नवी खुर्ची, माझ्या प्रयोगशाळेच्या दाराची कडी, सगळ्यांची अशी लांबूनच विचारपूस व्हायची. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. सुधावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, कशावरून तरी धुसफुसत पोळ्या लाटत होत्या. उस्ताद स्वयंपाकघरात गेले, वहिनींच्या गालापासून दोन बोटांवर हात धरला आणि बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "अजून पाच मिनिटं. मग आत जाऊ."

"गरम काच आणि थंड काच दिसायला अगदी सारखीच असते, बाई. बोट लावून खात्री करणारा एकदाच करतो."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्याच दिवशी ऐकलं, पण बोट लावून झाल्यावर. लखनौच्या संशोधन संस्थेत मी नागपूरहून नुकतीच रुजू झाले होते. रसायनशास्त्रातली ताजी डॉक्टरेट होती आणि अंगात पुष्कळ मस्ती होती. एक फुटका काचेचा कंडेन्सर घेऊन मी तळमजल्यावरच्या त्या कोपऱ्यातल्या खोलीत शिरले. आत निळी ज्योत फरफरत होती. गुलाबी काचांचा चष्मा लावलेला एक बारकासा माणूस दोन्ही हातांनी काचेची नळी गरागरा फिरवत होता आणि त्याच्या तोंडात एक रबरी नळी होती, बाळाच्या तोंडात चोखणी असावी तशी. नळीचं दुसरं टोक काचेला जोडलेलं. माणसाने गाल किंचित फुगवले, फूः केलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या तांबूस काचेला एक गोल पोट सुटलं. मी हरखून टेबलावरचा दुसरा फ्लास्क उचलायला गेले. तो उतरवून दोनच मिनिटं झाली होती.

माझी किंकाळी वरच्या मजल्यापर्यंत गेली म्हणतात. मी ती मराठीत मारली असावी, कारण त्या माणसाने तोंडातली नळी काढली आणि विचारलं, "अगो बाई! आपल्याकडच्या तुम्ही?"

मनोहर तारकर मूळचे सावंतवाडीकडचे. प्रयोगशाळेला लागणारी काचेची भांडी फुंकून करायची, हा त्यांचा हुद्दा. अडतीस वर्षं त्यांनी तेच केलं. लखनौत कारागिराला मान द्यायचा तर उस्ताद म्हणतात, म्हणून ते संस्थेच्या फाटकापासून संचालकांपर्यंत सगळ्यांचे उस्ताद. त्यांची भाषा मोठी गमतीची होती. सुरुवात सावंतवाडीत व्हायची, मध्ये चौकातल्या एखाद्या अत्तरवाल्याच्या दुकानाशी वाक्य थांबायचं आणि शेवटाला पुन्हा घरी परतायचं. "तशरीफ ठेवा, बाई. जरा आग विझवतो, मग तुमचं काय फुटलं ते बघू."

माझं सारखं काही ना काही फुटायचं. पण त्यांनी मला कधी टोमणा मारला नाही. फुटलेलं भांडं ते उजेडाकडे धरत, तडा कुठून निघाला ते बोटाने दाखवत आणि म्हणत, "हे आज फुटलं नाही. हे महिनाभर आधी फुटलंय. तुम्हाला आज कळलं."

या डोळ्यांपायी त्यांनी एकदा अख्ख्या विभागाची झोप उडवली होती. विभागप्रमुखांसाठी त्यांनी तीन आठवडे खपून एक भलंमोठं भांडं केलं होतं. एकात एक तीन नळ्या, बाहेरून वेटोळं, वर झाकणाला पाच तोंडं. बाहेरचे पाहुणे येणार होते. विभागप्रमुख त्यांना घेऊन खोलीत आले तेव्हा उस्ताद ते भांडं दोन काळ्या भिंगांच्या मध्ये धरून पाहत होते. त्या भिंगांतून काचेत अडकलेला ताण रंगांच्या पट्ट्यांसारखा दिसतो, आणि तो राहिला असेल तर भांडं आज ना उद्या फुटतं. उस्तादांनी भांडं खाली ठेवलं, "माफ कीजिए" म्हणाले आणि लाकडी दांडक्याने टक् करून एक टोला दिला. तीन आठवडे जमिनीवर.

"दिख तो कुछ नहीं रहा था!" विभागप्रमुख जवळजवळ रडलेच.

"जी जनाब," उस्ताद केरसुणी घेत म्हणाले, "मगर काँच को तो मालूम था।"

पाहुण्यांसमोर त्यांनी स्वतः खोली झाडली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात केली.

उस्ताद निवृत्त झाले आणि त्यांची जागा काही भरली गेली नाही. भांडी खोक्यांतून तयार येऊ लागली. त्यांनी त्याबद्दल कुरकुर केली नाही. त्यांच्या डोक्यात दुसरंच काहीतरी घर करून बसलं होतं. शेवटच्या महिन्यात माझी एक विद्यार्थिनी कुठल्याशा परिषदेहून परतताना समुद्रात बुडी मारून आली होती. पाठीवर हवेची टाकी बांधून ती पाण्याखाली फिरतेय, अशी चित्रफीत ती सगळ्यांना दाखवत होती. आम्ही मासे बघत होतो. उस्तादांनी ती अकरा वेळा पाहिली, आणि अकराही वेळा ते तिच्या तोंडातल्या नळीकडे बघत होते.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "अडतीस वर्षं मी नळीतून हवा दिली. एकदा नळीतून हवा घ्यायची आहे."

तुम्हाला हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल. मीही हसले. पण माणूस आयुष्यात काय काय मागतो, बंगला, पदक, नातवंडं. त्या यादीत इतकी नेमकी मागणी मी दुसऱ्या कुणाची ऐकलेली नाही.

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. निवृत्तीनंतर खोकला जाईना म्हणून वहिनींनी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी एक यंत्र पुढे केलं आणि म्हणाले, "उस्ताद, इस नली में फूँकिए।"

आता मला सांगा, हे कुणाला सांगावं! उस्ताद खुर्चीत सरसावून बसले, डॉक्टरांकडे दयेने पाहिलं आणि फुंकले. काटा अर्ध्यावरसुद्धा गेला नाही. डॉक्टरांनी पुन्हा फुंकायला सांगितलं. पुन्हा तेच.

"डॉक्टर साहब, आपकी मशीन में लीक है।"

आणि त्यांनी खरोखरच चष्मा चढवला, यंत्राचे सगळे सांधे तपासले, एका जोडावर डॉक्टरांचीच चिकटपट्टी गुंडाळली आणि तिसऱ्यांदा फुंकले. काटा तिथेच.

"उस्ताद," डॉक्टर म्हणाले, "लीक मशीन में नहीं है।"

फुंकण्याचा जोर गालांचा असतो, फुप्फुसांचा नव्हे, हे उस्ताद स्वतःच शिकाऊ पोरांना सांगायचे. गाल तसेच दमदार राहिले होते. आतली फुप्फुसं मात्र वर्षानुवर्षांच्या धुराने आणि बारीक धुळीने हळूहळू आखडत चालली होती, आणि ते आजचं नव्हतं. चढ टाळा, धूळ टाळा, औषधाचा फवारा सोबत ठेवा. घरी येऊन त्यांनी पाठीवरची एक मोठी पिशवी खरेदी करणार असल्याचं जाहीर केलं.

"कशाला हो?" वहिनींनी विचारलं.

"परदेशी जायला. जोवर श्वास आपला आहे तोवर."

सुधावहिनी जन्माने लखनौच्या. वडील नोकरीनिमित्त इथे आलेले, स्वतः शाळेत हिंदीच्या शिक्षिका. त्यांच्या मराठीला अवधी हेल होता आणि त्यांना पाण्याची जबर भीती होती. साठ वर्षं गोमतीच्या काठी काढून त्यांनी गोमतीत पायाचा अंगठा बुडवला नव्हता. पण नवऱ्याला एकट्याने सोडायचं नाही, हेही पक्कं होतं.

पहिला परदेश नेपाळ. आमच्याकडे हे फार सोयीचं आहे. पुण्या-मुंबईचे लोक परदेशी निघाले की महिनाभर आधी गावभर जाहीर करतात. लखनौचा माणूस आलमबागेत एसटीसारख्या खडखडत्या बसमध्ये चढतो, सोनौलीला उतरतो, पिशवी पाठीला लावून एका कमानीखालून चालत जातो आणि परदेशी पोचतो. पोखऱ्याला उस्तादांनी छत्रीने आकाशात उडायचं ठरवलं. उडवणाऱ्या पोऱ्याच्या कमरेचे पट्टे, त्यांचे बकल, छत्रीची शिवण, सगळं त्यांनी गुलाबी चष्मा लावून तपासलं. हवेत गेल्यावर पोऱ्याने धीर द्यायला विचारलं, "अंकल, डर तो नहीं लग रहा?" तर उस्ताद म्हणाले, "नहीं भैया। ये बताओ, कपड़ा कहाँ का है?" खाली वहिनी डोळे घट्ट मिटून रामरक्षा म्हणत होत्या, आणि ती दोनदा पूर्ण झाली तरी नवरा उतरेना म्हणून त्यांनी हिंदीतली एक प्रार्थनाही म्हणून घेतली.

उस्तादांनी मला या उड्डाणाचं वर्णन हातवारे करून चार वेळा ऐकवलं. वहिनींनी मला दुसरी गोष्ट सांगितली, एकदाच. उडायच्या टेकडीवर जायला शेवटी थोडा चढ होता. उस्ताद तेवढ्यात चार वेळा थांबले. चारही वेळा वहिनींकडे पाठ करून झाडाचं पान निरखत उभे राहिले. "बाई, त्यांना झाडांतलं ओ की ठो कळत नाही हो," वहिनी म्हणाल्या. "सच्ची, मला काय समजत नाही का?"

त्यामुळे समुद्राचं नाव निघाल्याबरोबर घरात रान पेटलं. वहिनी म्हणाल्या, अब बस. उस्ताद म्हणाले, फक्त एकदा. शेवटी वहिनींनी अट घातली: इंग्रजी बोलणारी बाई बरोबर हवी. म्हणजे मी. मी घरी नवऱ्याला विचारलं तर तो "जा, जा, अवश्य जा" असं इतक्या आनंदाने म्हणाला की मला दोन दिवस संशय येत राहिला.

अमौसीच्या विमानतळावर तपासणीत उस्तादांची पिशवी अडकली. मलिहाबादचे आंबेवाले दशहरीच्या पेट्या भरतात तशी ती भरलेली होती. हे भरणं त्यांनी तिथल्या बागेतच शिकून घेतलं होतं आणि अडतीस वर्षं काचेची भांडी तशीच भरून पाठवली होती. औषधाचा फवारा, चष्मा, दाढीचं सामान, प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळलेली आणि मधल्या फटींत पेंढा. "भरलेली पिशवी हलवून बघायची. वाजली तर पुन्हा भरायची," हा नियम. तपासणीच्या जवानाने मूठभर पेंढा बाहेर काढला.

"अंकल, आम ले जा रहे हैं?"

"नहीं बेटा, सिर्फ़ बीवी को ले जा रहे हैं। वो अलग से पैक हैं।"

वहिनींनी असं पाहिलं की मीच दोन बोटांवर हात धरून अंदाज घेतला.

विमान, मग बस, मग बोट, असं करत आम्ही थायलंडच्या आखातातल्या एका चिमुकल्या बेटावर पोचलो. जगभरची तरुण पोरं तिथे बुडी मारायला शिकायला येतात. त्या उघड्यावाघड्या, उन्हाने रापलेल्या गर्दीत आम्ही तिघं पाठपिशव्या लावून चाललो होतो. वहिनी लखनवी चिकनच्या भरतकामाच्या सलवार-कुर्त्यात, उस्ताद पूर्ण बाह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यात आणि मी फुलाफुलांच्या टोपीत, तिचं वर्णन करण्याची ही जागा नव्हे.

बुडी शिकवणाऱ्या मुलीचं नाव नोक. पंचविशीची, हसरी, केसांना मीठ लागून त्यांच्या दोऱ्या झालेल्या. तिने उस्तादांना "पापा" म्हणायला सुरुवात केली आणि त्यांच्यासमोर एक कागद ठेवला. तब्येतीचे प्रश्न होते. पुढे हो किंवा नाही अशी खूण करायची. मी वाचून दाखवत होते. हृदयाचा आजार? नाही. फिट? नाही. कानाचं ऑपरेशन? नाही. फुप्फुसांचा काही आजार?

उस्तादांचं पेन थांबलं.

मी काय केलं ते सांगते, आणि त्याची मला अजून लाज वाटते. मी त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "'नाही' लिहा हो. इथे कोण विचारतंय? खाली थोडंसंच तर जायचंय." वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी मला अडवलंही नाही. तीन वर्षं तो माणूस त्या एका नळीवर डोळे लावून बसला होता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

उस्तादांनी कागद उचलून उजेडाकडे धरला, त्यात काही अडकलेलं दिसतंय का असं बघावं तसा. मग टेबलावर ठेवून शांतपणे 'हो'पुढे खूण केली.

"बाई, भांड्यात चीर असेल तर देताना सांगायला लागतं," ते म्हणाले. "नाहीतर ते दुसऱ्याच्या हातात फुटतं." त्यांनी नोककडे पाहिलं. ती एका टाकीची झडप उघडून तपासत होती. "पोरीचे हात अजून लहान आहेत."

बेटावरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली, पाठ ऐकली आणि पुन्हा एक नळी पुढे केली. यावेळी उस्तादांनी सांधे तपासले नाहीत. डॉक्टरीणबाई फार मऊ आवाजात म्हणाल्या की टाकी लावून खाली जायचं नाही, खाली दाब असतो, वर येताना आखडलेल्या फुप्फुसांना इजा होईल. हवं तर जाकीट घालून, पाण्यावर पालथं पडून, आखूड नळीने बघा.

"ठीक आहे," उस्ताद म्हणाले. बाहेर येऊन नोकच्या दुकानासमोरच्या बाकावर बसले. शेजारी नारळपाणी होतं. त्यावर त्यांनी हातसुद्धा धरून पाहिला नाही.

वहिनी समोर उभ्या राहिल्या. "चला."

"कुठे?"

"ती छोटी नळी दिलीय ना? मग! इतक्या दूर आणून मला बाक दाखवता का?"

आणि आता तो प्रवेश येतो ज्यासाठी मी ही गोष्ट लोकांना उभं राहून सांगते. कमरेइतकं पाणी. उस्ताद केशरी जाकिटात. डोळ्यांवर मोठा चष्मा, तोंडात आखूड नळी, तिचं टोक डोक्याच्या वर. नोक म्हणाली, "ओके पापा, ब्रीद." उस्तादांनी तोंड पाण्यात घातलं. नळी ओठांत आली, अडतीस वर्षांची सवय जागी झाली, गाल फुगले, आणि फूऽऽऽः! नळीत शिरलेलं सगळं पाणी कारंज्यासारखं उडालं आणि शेजारून पोहत जाणाऱ्या एका लालबुंद गोऱ्या गृहस्थाच्या टकलावर पडलं.

"नो पापा! इन! इन!"

"येस येस, इन," म्हणत उस्तादांनी तोंड घातलं. फूऽऽऽः!

नळी तोंडात आली की हा माणूस फुंकणार. श्वास घेणं ही त्या तोंडाची रीतच नव्हती. ते नाकाने घ्यायचं आणि तोंडाने द्यायचं. नाक तर चष्म्यात बंद. अर्धा तास हे चाललं. किनाऱ्यावर गर्दी जमली. प्रत्येक कारंज्याला टाळ्या पडू लागल्या. ते टकले गृहस्थ तर हौसेने मुद्दाम पुन्हा पुन्हा समोर येऊन उभे राहिले. नोक हसून हसून वाकली होती. वहिनी घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. त्या आधी पदर नसताना पदर शोधून तोंडाला लावायला गेल्या, मग खो खो हसल्या, आणि हसता हसता मागे फतकल मारून थेट समुद्रात बसल्या. लाट आली. गोमतीने साठ वर्षांत जे केलं नाही ते त्या परक्या समुद्राने एका दणक्यात केलं. वहिनी नखशिखान्त भिजल्या.

आम्हाला वाटलं, संपलं. पण त्या उठल्या, पाणी कापत नवऱ्यापर्यंत गेल्या आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "इकडे आणा ती. इतकं काय अवघड आहे हो त्यात? असं घ्यायचं."

त्यांनी नळी तोंडात धरली, चष्मा लावला आणि तोंड पाण्यात घातलं.

घातलं ते घातलंच. पाठ शांतपणे वरखाली होत राहिली. आम्ही वाट पाहिली. नोकने माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने वहिनींनी मान वर काढली. चष्म्याच्या आत डोळे एवढाले झालेले.

"अहो," त्या म्हणाल्या, "खाली शाळा भरलीय. रांगेत चाललेत सगळे. एक पण बोलत नाही!"

संध्याकाळी जेवताना त्यांनी ताटाकडे बघतच जाहीर केलं, "मला नाही हो काही आजार. त्या मुलीला सांगा. उद्या मी जाते खाली."

आता घाबरायची पाळी उस्तादांची होती. "नको, सुधा. तुला पोहता येत नाही."

"ती हात धरते म्हणाली. मी विचारून घेतलंय."

"कुणाच्या भाषेत विचारलंस?"

"तुम्हाला काय करायचंय! खाली काय दिसतं, हवा कशी येते, सगळं सांगीन तुम्हाला. बीच में टोकू नका."

उस्तादांनी हाताची मागची बाजू त्यांच्या गालाजवळ नेली. यावेळी दोन बोटांवर थांबले नाहीत. हात गालाला टेकला आणि तिथेच राहिला. मी पटकन ताटातलं काहीतरी निरखू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बोटीने एका खडकाच्या आडोशाला गेलो. पाणी इतकं नितळ होतं की बोटीची सावली तळाच्या वाळूवर पडलेली दिसत होती. वहिनींच्या पाठीवर टाकी चढवली. उस्तादांनी प्रत्येक बकल दोनदा ओढून पाहिलं, नळीचा प्रत्येक जोड चाचपला, मग नोककडे बघून मान डोलावली. त्या दोघी दोराला धरून हळूहळू खाली गेल्या. मग उस्ताद केशरी जाकीट घालून पाण्यात उतरले. पहाटे उठून त्यांनी हॉटेलच्या बादलीत तोंड घालून सराव केला होता, हे मला मागाहून कळलं. आता त्यांची नळी कारंजं उडवत नव्हती. आत, बाहेर, आत, बाहेर. ते पालथे तरंगत होते, बरोबर वहिनींच्या वर.

मी बोटीच्या कडेवरून वाकून बघत होते. खाली, दोन-तीन पुरुष खोल, चिकनचा कुर्ता नसलेल्या, काळा रबरी पोशाख घातलेल्या आमच्या वहिनी नोकचा हात धरून वाळूवर गुडघे टेकून बसल्या होत्या. त्यांनी श्वास सोडला की बुडबुड्यांचा घोस निघे. तळाशी लिंबाएवढे. मग वर येता येता एकेक बुडबुडा पसरट होई, फुगे, ताटलीएवढा होई, चांदीसारखा लकाके आणि पृष्ठभागापाशी येऊन उस्तादांच्या छातीवर फुटे.

ते हलले नाहीत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हात पसरलेले, तोंड पाण्यात. बोटवाला अस्वस्थ होऊन उठला. मी मोठ्याने हाक मारली. उस्तादांनी मान वर केली नाही, फक्त एक हात पाण्याबाहेर काढला आणि पंजा दाखवला: थांबा. काच वळणावर आली की ते खोलीत शिरलेल्या माणसाला हाच पंजा दाखवत.

वर आल्यावर वहिनी अखंड बोलत होत्या, अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि नोक प्रत्येक वाक्याला "येस मम्मी" म्हणत होती. "हवा ना, अहो, एकदम गार येते. आणि आवाज येतो, असा, जसं कुणी शेजारी झोपलंय. मी तुमच्यासाठी मोठे मोठे घेतले हो श्वास. मिळाले का?"

उस्ताद टॉवेलमध्ये बसले होते. ओठ निळसर पडले होते. फवारा ओढून झाल्यावर ते म्हणाले, "सगळे मिळाले. मोजले नाहीत." मग माझ्याकडे वळून, जणू मी शिकाऊ पोर आहे अशा थाटात म्हणाले, "बाई, मी भांडं फुगवायचो तर मला फुंकायला लागायचं. हिचे आपोआप फुगत होते. एकाला वाकडेपणा नाही. हे आम्हाला अडतीस वर्षांत जमलं नाही."

उस्तादांना जाऊन आता वर्ष होत आलं. शेवटच्या दिवसांत ऑक्सिजनचं यंत्र खोलीच्या कोपऱ्यात गुरगुरत असे आणि तरी भेटायला आलेल्या माणसाला ते तशरीफ ठेवायला सांगत. पण मला ते दिवस आठवत नाहीत, म्हणजे मी आठवत नाही. मला आठवते ती त्याआधीची एक सकाळ.

बेटावरून आल्यापासून वहिनींना त्या पाण्याचं वेड लागलं होतं. बुडीचा आरंभाचा पूर्ण अभ्यासक्रम करायचा, परीक्षा द्यायची, असं त्यांनी नोकशी फोनवर ठरवून टाकलं होतं. पण उस्तादांना आता विमानप्रवासाची परवानगी नव्हती, आणि त्यांना सोडून जायला वहिनी तयार नव्हत्या. महिनाभर त्या दोघांत हे भांडण चाललं. उस्ताद बोलायचे कमी, कारण दम लागे. पण ते जिंकले. दहा दिवस मी त्यांच्या घरी राहायला जायचं ठरलं.

अमौसीला मी दोघांना गाडीने नेलं. उस्ताद चाकाच्या खुर्चीत, मांडीवर छोटं यंत्र, नाकात नळी. दारावरच्या जवानाने वहिनींचं तिकीट पाहिलं, त्यांच्या पाठीवरची पिशवी पाहिली, चाकाची खुर्ची पाहिली आणि गोंधळून विचारलं, "जाना किसको है?"

"इनको," उस्ताद म्हणाले.

वहिनी खाली वाकल्या. सदऱ्याचं वरचं बटण उगीचच नीट केलं. "रोज फोन करीन. नाहीतर आत्ता पण नाही जात. बोला."

"जा, सुधा. रांग लागलीय."

काचेच्या भिंतीपलीकडे त्या रांगेत उभ्या राहिलेल्या दिसत होत्या. पिशवी त्यांच्याहून रुंद. एका हाताने त्या ती सावरत होत्या, दुसऱ्या हाताने पुढच्या एका तरुणाला काहीतरी विचारत होत्या. तो हसला. त्याही हसल्या. रांग सरकली. मला त्या क्षणी त्यांचा रागच आला, खोटं कशाला बोलू. एकदा मागे बघावं की नाही माणसाने? इथे हा माणूस मान ताणून बसलाय. त्या वळणापाशी पोचल्या, पिशवीचा पट्टा खांद्यावर चढवला आणि तरातरा आत गेल्या.

मी उस्तादांकडे बघायचं टाळत खुर्ची मागे ओढायला लागले. तर त्यांनी माझं मनगट धरलं. दम खाल्ला. चेहरा असा उजळलेला की मी तसा तो फक्त त्या तळमजल्यावरच्या खोलीत पाहिला होता, भट्टीतून एखादं अवघड भांडं अखंड बाहेर आल्यावर.

"बघितलंत, बाई?" ते म्हणाले. "एकदासुद्धा वळली नाही!"